थर्मंड, लोकसंख्या पाच

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या थर्मंड या गावात २०२०च्या जनगणनेत पाच माणसं मोजली गेली. एवढ्याशा गावाला रेल्वे स्टेशन आहे. न्यूयॉर्क ते शिकागो जाणारी ॲमट्रॅकची ‘कार्डिनल’ ही गाडी आठवड्यातून तीन दिवस इथून जाते आणि कुणी चढणारं-उतरणारं असेल तर थांबते. गावात मुख्य रस्ता मात्र नाही. बँकेची इमारत आणि दुकानं एका ओळीत उभी आहेत आणि सगळ्यांची तोंडं रुळांकडे आहेत. पायरी उतरलं की पायवाटेएवढी जागा आणि मग थेट लोहमार्ग. मोटार जाऊ शकेल असा रस्ता इथे पोचला तो १९२१ साली. तोपर्यंत या गावात माणसं, पीठ, पत्रं, जे काही आलं ते रेल्वेने आलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थर्मंडमधून दिवसाला पंधरा पॅसेंजर गाड्या जात. वर्षाला ९५ हजारांपर्यंत प्रवासी हे स्टेशन वापरत. आसपासच्या खाणींमधला कोळसा इथल्या यार्डात गोळा होई. नदीपलीकडे ‘डन ग्लेन’ नावाचं मोठं हॉटेल होतं आणि तिथे पत्त्यांचा एक डाव चौदा वर्षं अखंड चालला होता अशी आख्यायिका अजून सांगितली जाते. तरीही १९३०च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या होती फक्त ४६२. एवढी वर्दळ आणि एवढी कमी वस्ती, हे गणित समजून घेतलं की या सगळ्या प्रदेशाचा इतिहास उलगडायला लागतो.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. शिक्षण इंजिनियरिंगचं, नोकरी सॉफ्टवेअरमधली. रेल्वेचं वेड लहानपणापासूनचं. लांब सुट्टी मिळाली की वॉशिंग्टनपासून पाचेक तास गाडी चालवत या डोंगरांत येऊन बंद खाणी आणि मोडलेले रेल्वे फाटे बघत हिंडायचं, हा गेल्या काही वर्षांचा नाद. सवयीने कुठलीही यंत्रणा दिसली की तिच्यात काय जातं, बाहेर काय येतं आणि कुठला भाग काढून घेतला तर सगळं कोसळेल, हे प्रश्न आधी डोक्यात येतात. ॲपलेशियातल्या या दरीला हे प्रश्न चपखल लागू पडतात, कारण ही दरी एके काळी एक यंत्रच होती.

दरी नावाचं यंत्र

न्यू रिव्हर नदीने इथलं पठार खोल कापून काढलं आहे. कापलेल्या कड्यांमध्ये कोळशाचे थर उघडे पडलेले आहेत. कोळसा आहे हे लोकांना आधीपासून ठाऊक होतं, तो न्यायचा कसा हे ठाऊक नव्हतं. अमेरिकेच्या पूर्व-पश्चिम किनाऱ्यांना जोडणाऱ्या पहिल्या रेल्वेच्या चार मोठ्या धनिकांपैकी कॉलिस हंटिंग्टन याने व्हर्जिनियापासून ओहायो नदीपर्यंत जाणारी ‘चेसापीक अँड ओहायो’ रेल्वे पुरी करायला घेतली. २९ जानेवारी १८७३ रोजी या दरीतच, हॉक्स नेस्ट इथे, शेवटचा खिळा ठोकला गेला. त्याच वर्षी दरीतल्या क्विनिमॉन्ट गावातून कोळशाची पहिली खेप निघाली. पुढच्या दशकात हंटिंग्टनने पूर्वेच्या टोकाला न्यूपोर्ट न्यूज हे बंदर उभारलं आणि या कोळशाला समुद्राचा रस्ता मिळाला.

रूळ नदीकाठाने, म्हणजे दरीच्या तळाशी. कोळशाचा थर मात्र कड्यावर, शेकडो फूट वर. त्यामुळे दरीतली प्रत्येक खाण एकाच आराखड्यावर बांधली गेली. वर खाणीचं तोंड, त्याला लागून कोळसा गोळा करण्याची इमारत, तिथून कड्यावरून खाली उतरणारी घसरवाट किंवा पट्टा, आणि तळाशी ‘टिपल’. टिपल म्हणजे रुळांवर पाय फाकून उभी असलेली उंच इमारत. वरून आलेला कोळसा तिथे चाळला जाई, आकारानुसार वेगळा होई आणि खाली उभ्या असलेल्या वाघिणींमध्ये पडे. काम बव्हंशी गुरुत्वाकर्षणाने होई. केमूर या खाणीच्या जागी आज कड्यावरून तळापर्यंत ८२१ लाकडी पायऱ्या आहेत. त्या उतरून परत चढताना कोळशाला काय सोयीचं होतं आणि माणसाला काय सोयीचं नव्हतं, हे गुडघ्यांना कळतं.

या यंत्राचा सगळ्यात देखणा अवशेष नटलबर्गला आहे. जॉन नटल या इंग्लंडहून आलेल्या माणसाने रेल्वे पोचण्याआधीच इथे जमीन घेऊन ठेवली होती आणि रेल्वे आली त्या वर्षीच त्याची खाण सुरू झाली. १९२०च्या दशकात ही खाण हेन्री फोर्डच्या कंपनीने भाड्याने घेतली. खनिजापासून मोटारीपर्यंत सगळं आपल्याच हातात असावं हा फोर्डचा ध्यास होता. डेट्रॉइटजवळच्या त्याच्या कारखान्याला लागणारा कोळसाही त्याला स्वतःच्या खाणीतून हवा होता. त्याने कड्यावरून तळापर्यंत १,३८५ फूट लांबीचा कन्व्हेयर बांधला. एका दोरावर ओळीने लोखंडी चकत्या बसवलेल्या आणि त्यांच्यामध्ये कोळसा. चकत्यांचं काम कोळसा ढकलण्याचं नव्हतं. तो धाडकन खाली जाऊन त्याचा चुरा होऊ नये म्हणून त्याला अडवत अडवत उतरवण्याचं होतं. पण इतकं करूनही १९२८ साली फोर्ड इथून बाहेर पडला. खाण त्याच्या हातात होती, कारखाना त्याच्या हातात होता, मधली रेल्वे त्याच्या हातात नव्हती. या दरीत खरी सत्ता कुणाची होती ते फोर्डलाही शिकावं लागलं. खाण पुढे इतर मालकांकडे चालू राहिली आणि १९५८ साली बंद पडली. कन्व्हेयर आणि टिपल अजून उभे आहेत.

बोगद्यात कोण होतं

दरीच्या आग्नेयेला टॅल्कॉट गावाजवळ याच रेल्वेचा ‘बिग बेंड’ बोगदा आहे, सव्वा मैल लांबीचा. १८७० ते १८७२ या काळात तो खोदला गेला. जॉन हेन्रीची दंतकथा या बोगद्याशी जोडलेली आहे. जॉन हेन्री हा घण मारून खडकात सुरुंगाची भोकं पाडणारा धिप्पाड कृष्णवर्णीय मजूर. वाफेवर चालणाऱ्या यंत्राशी त्याने शर्यत लावली, जिंकली आणि हातात घण असतानाच तो मेला. त्याच्यावरची गाणी अमेरिकेत घराघरांत पोचली. टॅल्कॉटला त्याचा पुतळाही आहे: उघडी छाती, भक्कम दंड, हातात घण.

स्कॉट नेल्सन या इतिहासकाराने २००६ साली या दंतकथेमागचा माणूस शोधण्याचा प्रयत्न पुस्तकरूपाने मांडला. त्याला व्हर्जिनियाच्या तुरुंगाच्या नोंदींत जॉन विल्यम हेन्री हे नाव सापडलं. यादवी युद्धानंतर लगेचच चोरीच्या आरोपावरून दहा वर्षांची शिक्षा झालेला न्यू जर्सीचा तरुण. उंची पाच फूट सव्वा इंच, म्हणजे जेमतेम पाच-एक. त्या काळी दक्षिणेतली राज्यं कैदी कंत्राटदारांना भाड्याने देत आणि या कैद्यांमध्ये गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या समाजातले तरुण मोठ्या संख्येने असत. चेसापीक अँड ओहायोलाही असे कैदी पुरवले गेले. नेल्सनच्या मते शर्यत झालीच असेल तर ती बिग बेंडला नाही, तर दोन्ही व्हर्जिनियांच्या सीमेवरच्या लुईस बोगद्यात झाली. कैदी आणि वाफेची यंत्रं तिथे शेजारी शेजारी काम करत होती. करारात एक अटही होती. कैदी परत आला नाही तर कंत्राटदाराला शंभर डॉलर दंड. म्हणून मेलेले कैदीही रिचमंडच्या तुरुंगात परत पाठवले जात, असा नेल्सनचा निष्कर्ष आहे. १९९०च्या दशकात त्या तुरुंगाच्या जागी खोदकाम झालं तेव्हा जवळपास तीनशे सांगाडे सापडले होते. सगळे अभ्यासक नेल्सनशी सहमत नाहीत. काही जण जॉन हेन्रीला अलाबामात शोधतात. पण तो हाच असो की दुसरा, कैद्यांनी हे बोगदे खोदले यात वाद नाही.

नेल्सनच्या मांडणीतला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग मृत्यूच्या कारणाचा आहे. घणाच्या श्रमाने छाती फुटून कुणी मेलं नसावं. बोगद्यातल्या हवेत वाळूच्या दगडाची बारीक धूळ होती आणि तिने फुप्फुसं निकामी केली. या म्हणण्याला पुढच्या इतिहासाने बळ दिलं. जिथे रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला गेला त्याच हॉक्स नेस्टला १९३०-३१ मध्ये युनियन कार्बाइडच्या जलविद्युत प्रकल्पासाठी तीन मैलांचा बोगदा खणला गेला. मजुरांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. खडकात सिलिकाचं प्रमाण भरपूर होतं, ड्रिलिंग कोरडं चाललं होतं आणि मजुरांच्या नाकातोंडावर मास्क नव्हते. अमेरिकी संसदेसमोरच्या सुनावणीत मृतांचा आकडा ४७६ सांगितला गेला. मार्टिन चर्नियाक या डॉक्टरांनी १९८६ साली केलेल्या अभ्यासात तो ७६४ निघाला. (हो, भोपाळचा कारखाना ज्या कंपनीच्या उपकंपनीचा होता, तीच ही युनियन कार्बाइड.)

एकच वाट

खाणीची गावं कंपन्यांनी बांधली. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं आणि अनेक ठिकाणी पगारही कंपनीच्या दुकानात चालणाऱ्या ‘स्क्रिप’ नावाच्या नाण्यांत. गोऱ्यांची आणि काळ्यांची वस्ती, शाळा, चर्च वेगळी. खाणीत मात्र दोघे एकाच अंधारात. गावाबाहेर जायला एकच वाट, रेल्वेची. जिथे वाट एकच असते तिथे ती ज्याच्या बाजूने असेल त्याचं राज्य असतं, आणि संपांच्या काळात हे उघड दिसलं.

७ फेब्रुवारी १९१३च्या रात्री, याच रेल्वेच्या प्रदेशात दरीच्या पश्चिमेला, पेंट क्रीकच्या काठी संपकरी खाणकामगारांच्या तंबूंजवळून दिवे मालवलेली एक गाडी गेली. तिला पोलादी पत्रे ठोकलेले होते. आत मशीनगन होती आणि त्या भागाचा शेरीफ आणि एक खाणमालक बसलेले होते. गाडीतून तंबूंवर गोळीबार झाला आणि एक कामगार ठार झाला. १९२० साली दक्षिणेकडच्या मेटवान गावात, कामगारांना घराबाहेर काढून परतीच्या गाडीची वाट बघणाऱ्या कंपनीच्या भाडोत्री पहारेकऱ्यांची गावातल्या पोलीस प्रमुखाशी आणि कामगारांशी चकमक झाली. गावचा महापौर, दोन कामगार आणि सात पहारेकरी मेले. पुढच्या वर्षी ब्लेअर माउंटनच्या लढाईत हजारो सशस्त्र कामगार उतरले तेव्हा त्यांनीही काही आगगाड्या ताब्यात घेतल्या. शेवटी तिथे केंद्राचं लष्कर आलं.

जॉन सेल्सने १९८७ साली ‘मेटवान’ हा चित्रपट काढला तेव्हा चित्रीकरण थर्मंडला केलं. १९२० सालचं गाव दाखवायला फार काही उभारावं लागणार नव्हतं. १९३० नंतर थर्मंडमध्ये काही बदलायला पैसाच आला नव्हता.

इंजिनाची भूक

थर्मंडचं मुख्य काम प्रवासी चढवणं-उतरवणं हे नव्हतंच. वाफेचं इंजिन हा खादाड प्राणी. काही तास चाललं की त्याला पाणी लागतं, कोळसा लागतो, चाकं घसरू नयेत म्हणून रुळांवर सोडायला वाळू लागते. आगपेटीतली राख काढावी लागते, बॉयलरच्या नळ्या साफ कराव्या लागतात, सांधे वंगणावे लागतात. शिवाय खाणींच्या छोट्या फाट्यांवरून भरलेल्या वाघिणी आणायच्या, त्यांची लांब गाडी जुळवायची, रिकाम्या वाघिणी परत वाटून द्यायच्या. हे सगळं थर्मंडमध्ये होई. ४६२ माणसांच्या गावात एवढी वर्दळ होती ती यामुळे. थर्मंड म्हणजे या यंत्राची वर्कशॉप होती आणि बँक, दुकानं, हॉटेल हा त्या वर्कशॉपच्या आसपास जमलेला संसार.

१९२२ साली बांधलेला काँक्रीटचा मनोरा अजून रुळांना लागून उभा आहे. त्याच्या पोटात पाचशे टन कोळसा राही आणि खाली थांबलेल्या इंजिनांत तो पन्हाळीने सोडला जाई. कोळसा ओढणाऱ्या इंजिनांना कोळसा भरवणारा मनोरा. या रेल्वेचं सगळं अर्थकारण त्या एका इमारतीत सामावलेलं होतं: आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जे विकतं, तेच आपण जाळतो.

म्हणूनच अमेरिकेतल्या इतर कंपन्या डिझेलकडे वळत असताना चेसापीक अँड ओहायोने वाफ सोडली नाही. तिने १९४७-४८ मध्ये कोळशावर चालणारी वाफेच्या टर्बाइनची तीन अजस्र विद्युत इंजिनं बांधून घेतली. ती सतत बिघडत राहिली आणि १९५० पर्यंत भंगारात निघाली. १९४९ साली बाल्डविन कारखान्याने अमेरिकी रेल्वेसाठी बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन, क्रमांक १३०९, याच कंपनीने घेतलं होतं. पण डिझेलचा हिशेब निर्दय होता. देखभाल कमी, माणसं कमी, थांबे कमी. १९५६ पर्यंत या रेल्वेवरची वाफ संपली.

इथे माझ्यातला इंजिनियर थबकतो. थर्मंड मेलं तेव्हा कोळसा संपला नव्हता, रेल्वेही बंद पडली नव्हती. आजही रुळांची जोडी वापरात आहे. सीएसएक्स या कंपनीच्या कोळशाच्या गाड्या मनोऱ्याशेजारून धडधडत जातात. फरक इतकाच की त्यांना थांबायची गरज उरली नाही. यंत्र चालू राहिलं, त्यातला एक भाग अनावश्यक झाला आणि त्या भागात माणसं राहत होती. आमच्या क्षेत्रात अशा सुधारणेचं पेढे वाटून स्वागत होतं. सुधारणा खरीच असते. पण तिच्या हिशेबात थर्मंडसारख्या गावाची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची, याला १९५०च्या दशकात जागा नव्हती आणि आज आहे असं मला दिसत नाही.

खाणींच्या आतही हेच चाललं होतं. १९४०च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियात सव्वा लाखाच्या आसपास खाणकामगार होते. यंत्रं आली, मग डोंगराचे माथेच उडवून कोळसा काढण्याची पद्धत आली आणि आज ही संख्या वीस हजारांच्या आत आहे. केमूर १९६२ साली बंद पडली. छोट्या फाट्यांना तर फाट्याच्या टोकाची खाण सोडून दुसरं कामच नव्हतं. खाण बंद झाली की रूळ उपटले गेले.

भंगारवाल्याने सोडलेलं

रूळ उपटलेला फाटाही जंगलात ओळखू येतो. डोंगरातली पायवाट उतारानुसार वेडीवाकडी जाते, कुठे चढते, कुठे निसरडी होते. रेल्वेची वाट तसं करत नाही. ती एकाच मापाने चढते, लांबलचक वळण घेते आणि आडवा सुळका आला तर त्याला कापून सरळ पुढे जाते. खाली काळसर खडी लागते. ओढा आला की घडीव दगडांचे पुलाचे खांब दिसतात. नटलबर्गहून कीनीज क्रीकच्या बाजूने वर जाणारा असाच एक खडा फाटा होता. आज तिथे चालण्या-सायकलींसाठी वाट केली आहे. क्युनार्डपासून थर्मंडकडे येणारी नदीकाठची सात मैलांची वाटही अशीच. बाजूला झाडीत कोकच्या भट्ट्यांची ओळ लागते. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घुमटाकार भट्ट्या, आत अजून काळ्या.

अशा वाटा चालून चालून एक साधी गोष्ट लक्षात येते. जे टिकलं आहे ते महत्त्वाचं होतं म्हणून टिकलेलं नाही. रूळ, सांधे, सिग्नल, बॉयलर, म्हणजे ज्याला वजनावर भाव मिळत होता ते सगळं गेलं. लाकडाची घरं कुजली किंवा जळाली. उरलं ते दगड आणि काँक्रीट, जे फोडून नेणं परवडत नव्हतं. नटलबर्गचा पोलादी कन्व्हेयर अपवाद. तो कड्यावरून उतरवण्याचा खर्च लोखंडाच्या किमतीहून जास्त झाला असता, असा माझा तर्क. भंगारवाल्याने नाकारलेलं हे सामान म्हणजे आज आपल्यासमोर असलेलं इतिहासाचं साधन. त्यात यंत्राचा सांगाडा दिसतो. माणसांचं जवळपास काहीच दिसत नाही.

१९७८ साली न्यू रिव्हरला राष्ट्रीय संरक्षण मिळालं आणि डिसेंबर २०२० मध्ये ही दरी राष्ट्रीय उद्यान झाली. थर्मंडचं १९०४ सालचं स्टेशन १९९५ पासून उद्यानाचं माहिती केंद्र आहे, नटलबर्गचे अवशेष कोसळू नयेत म्हणून बांधून घेतले आहेत आणि हे काम फार चांगलं झालं आहे. दरीवरून १९७७ साली बांधलेला ८७६ फूट उंचीचा पोलादी कमानीचा पूल बघायला लोक लांबून येतात. त्या पुलाने तळाला उतरून परत चढण्याचा पाऊण तासाचा प्रवास मिनिटावर आणला आणि तळाशी जाण्याचं उरलंसुरलं कारणही संपवलं.

तिथे गेलात तर पूल बघा, कन्व्हेयर जरूर बघा. पण वाटेच्या कडेला झुडुपांत गुडघाभर उंचीचे दगडी चौथरे दिसतील, त्यांच्यापाशी थांबा. ती कंपनीची घरं होती. चौथऱ्यांची रांग जिथे तुटते आणि थोडं अंतर सोडून पुन्हा सुरू होते, तिथे काही वेळा गोऱ्यांची वस्ती संपून काळ्यांची सुरू होत असे. कुठे एखाद्या चौथऱ्याच्या मधोमध चुलीची चिमणी उभी असते, बाकी घर नसतं. या जागी कुणी राहिलं, इथल्या धुळीने कुणाची छाती भरली, याची नोंद जनगणनेच्या वह्यांत, तुरुंगांच्या दप्तरांत आणि कोर्टाच्या साक्षींत विखुरलेली आहे. ती वाचून आलं तर या चौथऱ्यांवर पुन्हा माणसं दिसू लागतात. एरवी शेजारून कोळशाची गाडी जाते, पन्नास-शंभर वाघिणी मोजून होतात आणि ती न थांबता निघून जाते.